कालचीच मागणी

१

दिवसाचे शहाण्णव तुकडे करायचे आणि ते उद्याच्या नावावर वाटून टाकायचे, एवढंच चंद्रप्रकाश परुळेकरचं काम. पंधरा मिनिटांचा एक तुकडा, ऑफिसात त्याला ब्लॉक म्हणत. कारखाने, मॉल, मोठी हॉटेलं, ज्यांना म्हणून आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून वीज घ्यायची मुभा आहे ती मंडळी सकाळी दहाच्या आत मेल करणार, की उद्या कुठल्या ब्लॉकला आम्हाला किती लागेल. चंद्रप्रकाश ते सगळं जमवणार, तारांमधून येताना वाटेत किती वीज गळते ते वजा करणार, कुठल्या लाइनीत जागा मिळते ते बघणार, आणि दुपारपर्यंत उद्याचा पट राज्यभर वीज वाटणाऱ्या भार-केंद्राकडे रवाना. वीज बाजारात विकायला बसली तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, हेच. बाकीची दुनिया आज जगते, हा बाबा रोज उद्यात बसलेला. संध्याकाळी घरी घाटकोपरला पोचेपर्यंत त्याचा स्वतःचा आज कधी संपला ते कळायचंही नाही.

साकीनाक्याला एका गाळ्यावर दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. खाली लेथ मशिनी दिवसभर करवादायच्या, वर एसी गळायचा आणि त्याखाली कुणीतरी कायमची बादली ठेवलेली. तिथे एक जुना शिरस्ता होता. कुणाची मागणी दहापर्यंत आली नाही, तर कालचीच धरायची. फोन नाही, विचारणा नाही. कालचा पट उघडायचा, उचलायचा आणि उद्याच्या जागी डकवायचा.

"कारखाना काय नि माणूस काय, उद्या बहुतेक कालच्यासारखाच जातो," असं त्याने जान्हवीला शिकवताना सांगितलं होतं. जान्हवी शेजारच्या टेबलावरची. तिशीची, तोंडाची फटकळ, पण कामाला एकदम झकास.

घरी बायको. सुनंदा. तीन वर्षं झाली, तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. हवेतला ऑक्सिजन ओढून देणारं एक मशीन हॉलमध्ये चोवीस तास चालू असायचं आणि त्याची लांब नळी सुनंदाच्या नाकापर्यंत, ती घरात जाईल तिथे. सोसायटीत नवे मीटर बसले तसं चंद्रप्रकाशने मोबाइलवर त्याचं अॅप घेतलं. दर पंधरा मिनिटांना घरात किती वीज गेली त्याची रेघ त्यावर दिसायची. ती रेघ कधी तळाला टेकायची नाही, शून्य पॉइंट पस्तीसवर थांबायची. फ्रीज आणि ते मशीन. रेघ तिथे आहे म्हणजे मशीन चालू आहे, मशीन चालू आहे म्हणजे सुनंदा आहे. दिवसातून तीस-तीस वेळा तो ती रेघ बघायचा. दर वेळी फोन करून "कशी आहेस" विचारलं की ती वैतागायची.

२

गणपती होऊन गेल्यावरचा कुठलासा गुरुवार. जान्हवीने खुर्ची सरकवली.

"सर, हे धवल कोल्ड स्टोअरेज बघितलंत? मुलुंडवालं. महिना झाला, एका युनिटचा फरक नाही. जेवढं मागतात तेवढंच ओढतात. प्रत्येक ब्लॉकला."

"मग बरंच आहे की. सगळे असे वागले तर मी पेढे वाटेन."

"बरं काय सर? असं होतच नाही ना!"

आता तिचं म्हणणं खरंच होतं. उद्या किती लागेल ते कुणाला तंतोतंत सांगता येतं का? कुणी दार उघडं टाकतं, कुठे पंप बिघडतो, कुठे कामगारच येत नाहीत. मागितलेलं आणि ओढलेलं यात थोडंफार मागेपुढे व्हायचंच. बावीस वर्षांत त्याने बरोबर बसलेला एक अख्खा दिवस बघितला नव्हता, आणि इथे तीस दिवस.

त्याने धवलच्या मागणीचा आलेख उघडला. शीतगृहाचा आलेख त्याला झोपेतही काढता आला असता, कारण तिथे कॉम्प्रेसर दिवसभर ठरावीक वेळाने उचल खातो. हा तसला नव्हता. रात्रभर शून्य पॉइंट पस्तीस मेगावॉट, सपाट. पावणेसहाला एकदम उडी, दोन ब्लॉक, आणि परत खाली. आठच्या आधी एक बारीकसा सुळका. मग दुपारभर सपाट. सहानंतर हळूहळू वर.

गीझर, त्याच्या मनात आलं. मिक्सर. दिवे, पंखा, टीव्ही. त्याने मोबाइल काढून कीबोर्डशेजारी ठेवला. धवलने आजच्यासाठी काल जे मागितलं होतं आणि आज सकाळपासून त्याच्या घरात जी वीज गेली होती, त्यांचे आकडे सारखे होते. इथे मेगावॉट होते, तिथे किलोवॉट, बास. दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे.

चंद्रप्रकाश हसला. अरे, सगळं जग सकाळी उठतं, अंघोळ करतं, चटणी वाटतं. एवढे आकडे रोज डोळ्यांखालून जातात तर दोन जुळणारच. चष्मा पुसून तो पुढच्या ग्राहकाकडे वळला. मशीन चालू आहे ना ते बघायला मात्र त्या दुपारी त्याने अॅप उघडलं नाही.

३

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला धवलची शनिवारची मागणी आली. मेलखाली कुणाचं नाव नसायचं, नुसते आकडे. साडेअकराला एक सुळका होता, दोन ब्लॉकचा. घरी कधी साडेअकराला काही चालत नसे. सुनंदा त्या वेळी पडलेली असायची. चला, सुटलो, असं त्याला वाटलं.

शनिवारी अकरा पस्तीसला अॅपवरची रेघ उठली. त्याने लगेच घरी फोन लावला.

"काय करतेयस?"

"नारळ वाटतेय. ही रेवती आत्ता देऊन गेली ओला नारळ, म्हटलं सोलकढी करूया." धाप लागल्यामुळे ती दोन-दोन शब्दांवर थांबायची. "का हो? काय झालं?"

"काही नाही. सहजच."

"सहजच फोन करणारा माणूस आहे होय हा! काय ता सांगा एकदा."

रेवती समोरच्या दारातली. तिच्या घरी कधी नारळ येईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सुनंदाला सोलकढी प्यावीशी वाटेल हे सुनंदालाही. धवलच्या मेलला मात्र आदल्या दिवशीच ठाऊक होतं. चंद्रप्रकाशने तो मेल पुन्हा उघडून आकडे ताडून बघितले. सांगणार कुणाला? जान्हवीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, सर, जरा सुट्टी घ्या. आणि ते खोटंही नव्हतं. तीन वर्षं तो नीट झोपला नव्हता. ज्या माणसाची झोप अशी मोडलेली असते त्याच्या डोळ्यांवर त्याने स्वतःही भरवसा ठेवू नये, असं त्याने स्वतःला बजावलं.

धवलच्या जुन्या फायलीतल्या नंबरवर त्याने सात वेळा फोन केला. रिंग नुसती वाजत राहिली.

४

त्या शनिवारी दुपारी अर्धा दिवस टाकून तो मुलुंडला गेला. जुन्या औद्योगिक वसाहतीत, गवत माजलेल्या रस्त्याच्या टोकाला ती शेड होती. फाटकावर धोंडू नावाचा म्हातारा पहारेकरी रेडिओ लावून बसलेला.

"बंद हाय सायेब. दोन वर्सं झाली. मालक गेला, कॉम्प्रेसर भंगारात गेलं. आता काय, मी नि उंदीर."

"वीज चालू आहे ना पण?"

"कुठली वीज? माझा रेडिओ सेलवर हाय."

चंद्रप्रकाशने खूप गयावया केली तेव्हा कुठे धोंडूने किल्ली काढली. आत अंधार होता, आणि भिंतींना जाड फोमचे थर, त्यामुळे पाऊल टाकलेलंही ऐकू येईना. वायरी उपटून नेलेल्या. मीटरच्या पेटीच्या जागी भिंतीत चौकोनी भोक. चला, इथे कुणीच काही ओढत नाही. मग महिनाभर त्याने पाठवलेली वीज गेली कुठे?

सगळ्यात आतल्या खोलीचं दार धोंडूने जोर लावून उघडलं. चंद्रप्रकाश उंबऱ्यावरच थांबला. खोली रिकामी होती, साफ रिकामी. पण तिथे हिंगाची फोडणी नुकतीच बसल्याचा वास होता, आणि वाटलेल्या ओल्या नारळाचा. आणि एक बारीक घरघर चालू होती. दर चार-पाच सेकंदांनी तिच्यात हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज. हा आवाज तो तीन वर्षं उशाशी घेऊन झोपत होता.

"ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

"काय?" धोंडू म्हणाला.

बाहेर उन्हात येऊन चंद्रप्रकाश बराच वेळ दगडावर बसला. धोंडूने त्याला पाणी दिलं. शेवटी तो रिक्षा करून घरी गेला. सुनंदा सोलकढीची वाटी झाकून वाट बघत होती. त्याने ती उभ्या उभ्या पिऊन टाकली आणि छान झालीय म्हणाला.

५

पुढच्या बुधवारी नऊ चाळीसला गुरुवारची मागणी आली. त्याने नेहमीप्रमाणे खाली सरकत बघितलं. गीझर. मिक्सर. सपाट रेघ. एकसष्टाव्या ब्लॉकला शून्य पॉइंट पस्तीस. बासष्टाव्याला शून्य.

त्रेसष्टाव्याला शून्य. तिथून शहाण्णवपर्यंत शून्यच.

बासष्टावा ब्लॉक म्हणजे दुपारचे सव्वातीन. उद्या दुपारी सव्वातीनला रेघ तळाला टेकणार. लाइट जाणार असेल, त्याने स्वतःला सांगितलं, बाकी काय? लाइट गेली तर सिलिंडर आहे. त्याने तिथल्या तिथे दुसरा सिलिंडर मागवला, रेवतीला फोन करून ठेवला, डॉक्टरांना विचारून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अहो, तब्येत आहे तशीच आहे, उगाच घाबरू नका. सगळं चोख झालं. तरी समोर तो पट होताच, आणि दहाला दोन मिनिटं कमी होती.

मागणी आली नाही तर कालचीच धरायची.

त्याने तो मेल पुसून टाकला. कालचा पट, म्हणजे आजच्या बुधवारचा, उघडला. धवलच्या नावासमोरचे शहाण्णव आकडे उचलले आणि गुरुवारच्या जागी डकवले. बोट बटणावर ठेवताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. शिकलासवरलेला माणूस, इंजिनियर, आणि हे काय करतोय! पण सुनंदाची गोष्ट होती. सुनंदाशिवाय त्याचं होतं कोण?

"धवलचा मेल आला नाही?" जान्हवीने विचारलं.

"नाही. कालचीच धरली."

त्या संध्याकाळी सव्वासहाला त्याने दार उघडलं. सुनंदा स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्चीत बसली होती. "आलात? रेवतीने शेवग्याच्या शेंगा दिल्यात, आमटी केलीय. तुमच्या निळ्या शर्टाचं बटण लावलंय. आणि तो पंखा कमी करा जरा, थंडी वाजतेय." त्याने पंखा कमी केला. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. एरवी ती हटकली असती, त्या दिवशी नाही हटकलं.

६

गुरुवारीही धवलचा मेल बासष्टाव्यापासून शून्यच होता. तो पुसून, कालचीच धरून चंद्रप्रकाश बाराला घरी आला आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसला. तीन वाजले. तीन दहा. सव्वातीन. मशीन घरघरत राहिलं. साडेतीनला त्याने बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच हमसून हमसून रडला.

सुनंदा खिडकीशी शांत बसली होती. सहा वाजले तरी तो समोरच होता, तिचे पाय चेपत होता. सव्वासहाला तिने मान वर केली.

"आलात?" ती म्हणाली. "रेवतीने शेवग्याच्या शेंगा दिल्यात, आमटी केलीय. तुमच्या निळ्या शर्टाचं बटण लावलंय."

"अगं, मी दुपारपासून इथेच आहे."

"आणि तो पंखा कमी करा जरा."

आजारपणात असं होतं, त्याने स्वतःची समजूत घातली. मेंदूला हवा कमी पडते, माणूस विसरतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. शुक्रवारी धवलचा मेल आला, बासष्टाव्यापासून पुन्हा शून्य. त्याने पुसला, कालचीच धरली. शनिवारी तेच, रविवारी तेच. घरबसल्या होत नव्हतं म्हणून रविवारीही साकीनाका. आणि रोज सव्वासहाला शेंगा, बटण, पंखा. खुंटीवरच्या निळ्या शर्टाला एकाच बटणावर दोऱ्याचे वेढ्यावर वेढे बसत चालले होते. टोपात आमटी रोज असायची. त्याला आता शेवग्याच्या वासानेही मळमळायला लागलं, पण तो जेवायचा. जेवला नसता तर कुणाला काय सांगणार होता?

तो थकला होता. हे असं थकणं झोपेने जाणारं नव्हतं. रोज दहाच्या आत तिथे बसायचं, एक दिवसही चुकायचं नाही, आणि हे मरेपर्यंत. कुणाच्या मरेपर्यंत, ते तो मनातही पुरं बोलत नसे.

७

दहाव्या-अकराव्या दिवशी पंख्याचं वाक्य गळालं. मग शेंगांचं. "आलात? बटण लावलंय," एवढंच. आवाजही बसत चालला होता. स्वयंपाकघरातली ट्यूब पिवळट पडल्यासारखी. आमटी पाणचट. मशीनची घरघर इतकी हलकी झाली की ती ऐकायला त्याला कान लावावा लागायचा. तो तिला धरून आतल्या खोलीत न्यायचा तेव्हा तिचं वजन हाताला लागायचं नाही. पलंगावर निजवून पांघरूण घातलं की ते सपाटच दिसायचं.

रेवती वाटेत भेटली. "भावोजी, वहिनी हल्ली दार उघडत नाहीत हो. मी हाका मारते तर आतून नुसतं काहीतरी घासल्यासारखं वाजतं."

"झोपते ती," चंद्रप्रकाश म्हणाला.

अठराव्या दिवशी जान्हवी त्याच्या पडद्यावर वाकली. "सर, रागावू नका, पण हे काय करताय तुम्ही? धवलची मागणी तुम्ही दुसऱ्या रकान्यातून उचलताय."

त्याने बघितलं. प्रत्येक पटात दोन रकाने असतात. पहिला, किती पाठवायची. दुसरा, गळती जाऊन ग्राहकाच्या दारात किती पोचणार. शंभर निघाली की शहाण्णव पोचते. कालची मागणी धरायची ती पहिल्या रकान्यातली. नवीन पोरं हमखास दुसऱ्यातली उचलतात, आणि तो त्यांना त्यासाठी फाडून खायचा. त्याने स्वतः अठरा दिवस तेच केलं होतं. शंभराचे शहाण्णव, त्याचेच परत पाठवले, पोचले ब्याण्णव, त्यांचे अठ्ठ्याऐंशी. शून्य पॉइंट पस्तीसचे आता सतरा उरले होते. निम्मी सुनंदा वाटेत गळून गेली होती आणि ती त्याच्याच हाताने.

"वाट लागली," तो पुटपुटला. आयुष्यात तो ऑफिसात असं बोलला नव्हता.

"एवढं काय सर, दुरुस्त करा ना. होतं असं."

त्याने पहिल्या बुधवारचा मूळ पट शोधला आणि पहिला रकाना उद्यासाठी डकवला.

८

दुसऱ्या दिवशी घरात लखलखीत उजेड होता. मशीन दणक्यात चालू. सुनंदा खुर्चीत ताठ बसलेली, गालांवर रंग. त्याला वाटलं, देवा, मिळाली परत.

"आलात? रेवतीने शेवग्याच्या शेंगा दिल्यात, आमटी केलीय."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "सुनंदा, मला एकदा नावाने हाक मार. चिडलीस की मारतेस ना, तशी."

"तुमच्या निळ्या शर्टाचं बटण लावलंय."

"मी तुला जगवतोय की काय करतोय गं हे?"

"आणि तो पंखा कमी करा जरा, थंडी वाजतेय." ती प्रेमाने हसली. ते हसणं त्याच्या खांद्यावरून पलीकडे, त्या बुधवारी तो जिथे उभा होता तिथे गेलं. आवाज भरलेला होता, रंग भरलेला होता, आणि खुर्चीत कुणीही नव्हतं. बारीक आवाजात त्याला ते कळलं नव्हतं. माणूस आजारी आहे म्हणून त्याने चालवून घेतलं होतं. आता चालवून घ्यायला काही उरलं नाही. इतके दिवस त्याने एक संध्याकाळ जपली होती, बायको नव्हे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नऊ चाळीसला मेल आला. त्याने तो पुसला नाही. जान्हवीने बघितला.

"सर, धवलने बासष्टपासून शून्य टाकलंय सगळं. टायपिंगमध्ये गडबड असेल. कालचीच धरू?"

त्याने मेल एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. खालून लेथचा आवाज येत होता.

"नको," तो म्हणाला. "जे आलंय तेच पाठव. आणि उद्या मी सुट्टीवर आहे."

"तुम्ही? सुट्टीवर?" जान्हवी हसायला गेली, पण त्याच्या तोंडाकडे बघून तिने खुर्ची पुढे ओढली आणि आकडे भरायला घेतले.

९

सकाळी तो हॉलमधल्या दिवाणावर जागा झाला तेव्हा स्वयंपाकघरातली खुर्ची रिकामी होती. नळी जमिनीवर पडलेली, तिच्यातून हवा फुस्स-फुस्स सुटत होती. आतल्या खोलीतून एक बारीक, खरखरीत हाक आली. "अहो."

पलंगावर सुनंदा होती. ओठ निळे, डोळे खोल, केसांचा गुंता. इतके दिवस खुर्चीत जी बसायची तिच्या अंगावर हे काहीच नव्हतं. त्याने धावत नळी आणून तिच्या नाकाला लावली. तिने आधी नुसता श्वास घेतला, खूप वेळ.

"गेली का ती?" तिने विचारलं.

"कोण गं?"

"बास झालं हां. तुम्हाला माहितीय कोण." ती थांबत थांबत बोलत होती, पण प्रत्येक शब्द नवा होता, आधी कधी न ऐकलेला. "मी इथेच होते. या पलंगावर. हाका मारमारून घसा सुकला. तुम्ही आत यायचात, दिवा लावायचात, नि तिला घेऊन यायचात. नळी तिला लावायचात. रोज रात्री तुम्ही तिला माझ्या अंगावर निजवलीत हो."

चंद्रप्रकाश पलंगाच्या कडेला बसला.

"किती दिवस नळीशिवाय काढले मी, माहितीय? श्वास घेता येईना आणि मरताही येईना."

त्याने तिचे पाय धरले आणि तिथेच कोसळून रडला. चुकलो, चुकलो, एवढंच तो म्हणत राहिला. तिने त्याला पुरेसं रडू दिलं. मग म्हणाली, "चहा करा आधी. आलं घालून. मेलं शेवग्याच्या वासाने जीव गेला माझा."

डॉक्टरांना त्याने फोन केला होता, ते चारनंतर येतो म्हणाले. हॉस्पिटलचं नाव काढलं तर सुनंदाने असे डोळे वटारले की विषयच संपला. मग दोघं बोलत बसले. मालवणला तिच्या बाबांनी पहिल्यांदा याला बघितलं आणि हा पोरगा खायला बरा दिसतो म्हणाले, ते. मूल झालं नाही, त्याचं वाईट वाटायचं कधी थांबलं, ते. बावीस वर्षं तुम्ही रोज उद्याचं काम करत होतात, माझ्याशी बोलायला तुमच्याकडे आज कधी नव्हताच, असंही ती म्हणाली. रागाने नव्हे, सांगून टाकावं म्हणून. त्याने ते ऐकून घेतलं.

तिला त्याने सव्वातीनचं सांगितलं नव्हतं. तीन वाजले तसा तिने त्याचा हात आपणहून घट्ट धरला आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"आली," ती म्हणाली.

चंद्रप्रकाशची दाराकडे पाठ होती. समोरच्या स्टीलच्या कपाटावर आरसा होता. त्यात दाराची चौकट दिसत होती, चौकटीला धरलेली चार बोटं, आणि साडीचा काठ. त्या बोटांमधून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आरपार दिसत होतं. दारातली आत येत नव्हती. नुसती उभी होती, त्याने वळून बघण्याची वाट बघत. कुणी न सांगताच त्याला कळलं की आपण वळलो तर हीच राहील, गालांवर रंग घेऊन, उद्या, परवा, हवं तितके दिवस. पलंगावरची राहणार नव्हती. त्याची मान आपोआप फिरायला लागली. एकटं घर त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याला जिवाच्या आकांताने वाटलं की कुणीतरी असावं, कुणीही.

"बघू नका तिच्याकडे," सुनंदा म्हणाली. तिचा श्वास आता वर लागला होता. "आता तरी माझ्याकडे बघा."

त्याने मान वळवली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघितलं नाही. मागे चौकटीचं लाकूड करकरलं, साडी सळसळली, कुणीतरी अगदी हळू त्याच्या खांद्याजवळ येऊन थांबलं. तो सुनंदाकडे बघत राहिला.